कोवळ्या फळाला बोट

१

आमच्या बाल्कनीत काकडीचा वेल आला तो मिसूच्या डॉक्टरांमुळे. मला स्वतःला झाडांचं फारसं प्रेम नाही. लग्नात भेट आलेलं मनी प्लांट मी मारून दाखवलं होतं, आणि ते मरतच नाही असं सगळे सांगतात.

मिसू म्हणजे मिस्बाह, आमची मुलगी. दीड वर्षाची होत आली होती. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी वजन केलं, छाती तपासली आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, "बोट दाखवते ना?"

"म्हणजे?"

"काही हवं असलं, काही दिसलं, की बोट करते का? चिऊ, गाडी, पंखा?"

मी आठवून पाहिलं. मिसूला पाणी हवं असलं की ती माझा हात धरून फिल्टरपाशी ओढत नेते, भरलेली बादली न्यावी तशी. बोट नाही. कधीच नाही. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, काही मुलं उशिरा करतात, पुढच्या खेपेला बघू. "आणि नुसतं बोट नाही बरं का. बोट दाखवून तिनं वळून तुमच्या तोंडाकडे बघायला हवं. आईनं पाहिलं की नाही, ते बघायला. दाखवायला दोन माणसं लागतात."

घाबरू नका म्हटल्यावर जे करायचं असतं ते मी रिक्षातच सुरू केलं. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला, मोईनला, मी जे सांगितलं त्यात डॉक्टरांची चार वाक्यं होती आणि बाकी सगळं मोबाइलवरून गोळा केलेलं.

"मग तिला दाखव ना काहीतरी," मोईन बूट काढत म्हणाला. "बाल्कनीतून दाखव."

बाल्कनीतून काय दाखवणार? आम्ही पुण्याबाहेर, नेऱ्यात, अकराव्या मजल्यावर राहतो. समोर दुसरा टॉवर चढतोय, त्याची क्रेन दिवसभर तशीच उभी असते. तिच्यापलीकडे उसाचं उरलेलं एक वावर आणि पत्र्याची शेड. मिसूसाठी ते सगळं म्हणजे धूळ. तिला हाताच्या अंतरावरचं काहीतरी हवं होतं. हिरवं, पिवळं, लाल, आणि रोज थोडं बदलणारं.

म्हणून बाग.

२

पहिल्या आठवड्यात मी सोसायटीच्या रंगाऱ्यांकडून रिकामे डबे मागून आणले. मोईननं तापलेल्या स्क्रूड्रायव्हरनं त्यांच्या बुडाला भोकं पाडली आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास केला. माती, कोकोपीट आणि गावाहून, घोटावड्याहून, माझ्या सासूबाईंनी पोत्यात भरून आणलेलं लेंडीखत. रहिमतबी त्यांचं नाव. मी अम्मा म्हणते. त्यांनी आयुष्यभर भाजी पिकवली आणि बाजारात बसून विकली. त्या गुडघ्याच्या तपासणीसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. डब्यांची रांग बघून त्या म्हणाल्या, "एवढ्यात काय हुतंय? एका जेवणाची मेथी."

"खायला नाही लावत अम्मा, मिसूसाठी लावतेय."

"लेकराला खेळायला शेत? लई मोठी झालीस बाई."

मेथी, मिरची, दोन टोमॅटो. कोपऱ्यात, जिथं भिंत आणि कठडा मिळतात तिथं, अर्धा कापलेला निळा ड्रम आणि त्यात काकडी. तिच्यासाठी मी कपडे वाळवायच्या दांडीपासून खाली नायलॉनची जाळी बांधली. वेल भराभर चढला. पिवळी फुलं आली, पण एवढ्या उंचीवर मधमाशा फिरकेनात, तेव्हा मी कान साफ करायची काडी घेऊन नर फुलातला पराग मादी फुलाला लावायला लागले. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, मिसूच्या आधी पिरंगुटला एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. तेवढा आत्मविश्वास अजून शिल्लक होता.

अम्मा दारात उभ्या राहून बघत होत्या. "काकडीचं लगीन लावतीस व्हय? काजी बोलवू का?"

आम्ही दोघी खूप हसलो. मिसू माझ्याकडे आणि अम्मांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिचे हात मांडीवर, दहाही बोटं मिटलेली.

३

पहिली काकडी धरली तेव्हा ती माझ्या करंगळीपेक्षा लहान होती, टोकाला सुकत आलेलं फूल, अंगभर मऊ काटे. मी मिसूला कडेवर घेतलं, तिची बाकीची बोटं मिटवून एक तेवढं सरळ केलं आणि वेलाकडे नेलं. "ती बघ काकडी. ती बघ."

अम्मांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"बोट नगं दावू कोवळ्या फळाला! कुजतं त्ये. दावायचंच तर वाकडं करून दाव." आणि त्यांनी स्वतःचं बोट पेरातून दुमडून दाखवलं.

हे मी लहानपणी माझ्या आजोळीही ऐकलं होतं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "अम्मा, तिनं सरळ बोट दाखवावं म्हणून मी इथं शेती करतेय. आणि तुम्ही म्हणता वाकडं कर."

अम्मा नरमल्या. मिसूच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "आगं, खरं सांगू? त्ये आमी पोरांनी तोडू न्हाई म्हनून सांगायचो. बोट ग्येलं की मागनं हात जातुया. बाकी काय न्हाई त्यात. दाव तू."

मी दाखवलं. रोज सकाळी आणि रोज दुपारी झोपेतून उठल्यावर. ती बघ काकडी, ती बघ काकडी. माझा आवाज ऐकून शेजारच्या फ्लॅटच्या बाई एकदा विचारायला आल्या की काकड्या विकायला आहेत का.

४

आणि एका सकाळी मिसूनं बोट दाखवलं.

मी पाणी घालत होते. ती फरशीवर बसली होती. तिचा उजवा हात वर आला, मूठ उघडली, एक बोट सरळ झालं आणि जाळीतल्या एका इवल्या काकडीवर स्थिर झालं. मी पाण्याचा मग तसाच सोडून तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि ओढणीत तोंड खुपसून रडले. मिसूनं माझ्याकडे बघितलं नाही. पण त्या वेळी मला बोट पुरेसं होतं. माणसानं एका दिवशी किती मागावं.

दुसऱ्या दिवशी ती काकडी पिवळी पडली होती.

यात काही नवल नाही, असं मी मला सांगितलं. पराग नीट लागला नसेल. पाणी जास्त झालं असेल. कुंडीतल्या वेलाला एवढी फळं झेपत नाहीत, तो काही सोडून देतो. मिसूनं दुसरी दाखवली, ती गेली. तिसरी. तिनं न दाखवलेल्या मात्र जोमानं वाढत होत्या. त्यांतल्या काही आम्ही मीठ लावून खाल्ल्याही.

 मिसू बाल्कनीत असली की अम्मा तिचं बोट हलकेच धरून पेरातून वाकवायच्या, आणि त्यांनी सोडलं की ते पुन्हा सरळ व्हायचं.

मी एक पिवळी काकडी तोडून ओट्यावर कापली. लॅबची सवय. बुरशी असेल, अळी असेल, काहीतरी सापडेल. साल अखंड होती, एक छिद्र नाही. वास नाही. सुरी आत गेली तशी खाली ओट्यावर टेकली. गर नव्हता. बियांच्या ओळी जिथं असतात तिथं त्यांच्या बारीक खोबण्या होत्या, स्वच्छ, कोरड्या, एखाद्यानं एकेक बी काढून घ्यावी तशा.

मी ती पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली आणि हात साबणानं धुतले. मग पुन्हा धुतले.

५

मोईननं मात्र आनंदानं व्हिडिओ काढला आणि सगळ्या खानदानाला पाठवला. बदाम आले, दुवा आल्या. माझी नणंद साजिदा सोलापूरला असते, तिनं लिहिलं, "माशाल्ला! भाभी तर डावीकडे उभी दिसतेय, मग ही कुणाकडे बघून हसते?"

मी तो व्हिडिओ तोपर्यंत कितीदा बघितला होता. फक्त बोट बघितलं होतं. आता चेहरा बघितला.

मिसू एका काकडीकडे बोट करते. मग मान वळवते. मोईन मोबाइल घेऊन तिच्या समोर आहे, मी डावीकडे आहे, अम्मा दारात आहेत. ती आमच्यापैकी कुणाकडेच बघत नाही. उजवीकडे, निळ्या ड्रमच्या मागे, भिंत आणि कठडा मिळतात त्या सांदीकडे बघते. थांबते. अगदी शहाण्यासारखी थांबते. मग बोट तिथून उचलते आणि बाजूच्या, आणखी लहान काकडीवर नेते. पुन्हा सांदीकडे बघते.

आणि हसते.

मंडईत भाजीवाली आपल्याला कशी विचारते? ही देऊ, का ही? आपण नको म्हटलं की दुसरी उचलते, बरी म्हटलं की तिलाही बरं वाटतं. तसं हसते.

दुसरी, लहान, तीच पिवळी पडली होती. पहिली आम्ही खाल्ली होती.

"अगं, जाळीकडे बघतेय ती," मोईन म्हणाला. "लहान मुलं कुठंही बघतात. आधी बोट दाखवत नाही म्हणून रडलीस. आता दाखवते म्हणून रडतेस?"

 मला स्वतःलाही माझं ऐकून तसंच वाटलं असतं.

६

मी तिचं बोट बघणं सोडलं आणि तिची हनुवटी बघायला लागले.

पहिल्या व्हिडिओत तिची हनुवटी छातीला टेकली होती. ती सांदीत खाली, ड्रमच्या बुडाशी बघत होती. पुढच्या आठवड्यात ती समोर बघायला लागली, स्वतःच्या उंचीच्या कुणाकडे बघावं तशी. मग हनुवटी थोडी वर. मग आणखी. लेकराची उंची वाढते तशा आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करतो ना, तशा खुणा मी मनात करत होते. फक्त त्या माझ्या लेकराच्या उंचीच्या नव्हत्या.

"वेल वाढतोय," मोईन म्हणाला. "ती शेंडा बघते. सिंपल."

हे मला इतकं पटलं की मी त्याला चहा करून दिला. दुपारी कात्री घेतली आणि वेलाचा शेंडा कापला, जाळीच्या निम्म्यापर्यंत. मिसू उठली, मी तिला बाल्कनीत सोडलं. तिनं कोवळी काकडी शोधली, बोट केलं, आणि मान वळवून वर बघितलं. रिकाम्या जाळीच्याही वर. दांडीपाशी.

त्याच दिवशी मी वेल उपटला. अम्मा गुडघा धरत खाली बसल्या आणि मला माती भरायला मदत केली. ड्रम, डबे, मिरच्या, मेथी, सगळं खाली पाठवून दिलं. सांदी झाडून, फिनेलनं पुसून काढली. तिथं काही नव्हतं. थोडं पाणी साचलेलं, एक कपड्याचा चिमटा.

"अम्मा, तुमच्या शेतात कधी असं झालं होतं?"

"न्हाई."

"मग काय करायचं?"

अम्मांनी हातावरची माती चोळून काढली. "मला काय ठावं, पोरी? म्या काकड्या इकल्या आन् लेकरं वाढीवली. ह्ये मला न्हाई ठावं."

दोन दिवसांनी त्या घोटावड्याला परत गेल्या. शेळ्यांकडं बघायला कुणी न्हाई, म्हणाल्या. शेळ्यांकडं बघायला माझा दीर आहे. जाताना त्यांनी मिसूचे मुके घेतले, तिच्या डोक्यावर हात ठेवून ओठांत काही पुटपुटल्या, आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हॉलच्या आत एकदाही बघितलं नाही.

७

बाल्कनीचं काचेचं दार मी लावून घेतलं आणि पडदा ओढला. मला वाटलं, बाहेरचं बाहेर राहील.

मिसूनं भाजीच्या टोपलीकडे बोट केलं. मग मान वळवून वर बघितलं, पडद्याच्या दांडीपाशी, दाराच्या आतल्या बाजूला.

भेंडी आतून रिकामी निघाली. गवार रिकामी निघाली. कोवळा दुधी हातात घेतला तर फुग्यासारखा हलका. कांद्याबटाट्यांना काही झालं नाही. एक जून काकडी होती, मिसूनं तिच्यावर बोट ठेवलं, वर बघितलं, आणि लगेच काढून घेतलं. जून नको होतं. मी भाजी आणणं बंद केलं.

"किती दिवस बटाटा खायचा?" मोईन म्हणायचा. ताटावर बसून माझ्याकडे बघायचा तेव्हा त्याच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती, आणि ती मिसूची नव्हती. एकदा हळूच म्हणाला, "तू पण एकदा कुणाला तरी दाखवून घे, आरिफा." मी म्हटलं, घेते. अम्मांकडे राहायला जाऊ या का, असंही मी विचारलं. पण ते जे काही होतं ते बाल्कनीपुरतं नव्हतंच. ते बाल्कनीतून हॉलमध्ये आलं होतं. हॉलमधून घोटावड्याला यायला त्याला काय लागणार होतं? मिसू असली की झालं.

मग टोपलीत दाखवण्यासारखं काही राहिलं नाही. मिसू हॉलच्या मधोमध उभी राहायची, बोट हवेत, आणि हळूहळू स्वतःभोवती फिरायची. सोफा, टीव्ही, चपलांचा रॅक. मध्येच मान वर करून पडद्याकडे बघायची. पाहुणे येऊन बसलेत आणि डब्यात काहीच नाही, अशा वेळी माझा चेहरा जसा होतो तसा तिचा व्हायचा. ओठ थरथरायचे. कुणीतरी वाट बघत होतं आणि तिला त्याला नाराज करायचं नव्हतं.

घरात कोवळं म्हणून आता एकच उरलं होतं.

मी तिच्या हातांत मोजे घातले. एवढ्या उकाड्यात. ती दातांनी ओढून काढायची, मी पुन्हा घालायचे.

पुढच्या तपासणीला मोजे काढले आणि डॉक्टर मॅडम खूश झाल्या. "बघा, उगाच घाबरलात!" मिसू त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या बदकाकडे बोट करत होती.

"पण ती माझ्याकडे बघत नाही मॅडम. दुसरीकडे बघते."

"कुठे?"

मी सांगितलं. म्हणजे सांगायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर मोईनचाच चेहरा यायला लागला तशी मी थांबले.

"छान झोप घ्या तुम्ही," त्या मायेनं म्हणाल्या. "आणि आता पुढची पायरी. अवयव शिकवा. नाक कुठंय, कान कुठंय, मिसू कुठंय. स्वतःकडे बोट करायला शिकवायचं."

"आम्ही करून घेतो," मोईन म्हणाला.

८

मी त्याला सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, बरं बाई, नाही शिकवत.

रविवारी दुपारी मी पोळ्या लाटत होते. मिसूला वरणभात भरवायचा म्हणून मोईननं तिचे मोजे काढले होते. हॉलमधून त्याचा लाडीक आवाज आला. "नाक कुठंय? पप्पाचं नाक कुठंय? अरे वा! आणि मिसू कुठंय? आमची मिसू कुठंय?"

मी लाटणं हातात घेऊनच धावले.

मोईन जमिनीवर पालथा पडला होता, पडद्याकडे पाय करून, हसत. मिसू त्याच्यासमोर उभी होती. बोट वर उचललेलं, अजून कशावरच नाही. ती पप्पाकडे बघत नव्हती. मान जितकी मागे जाते तितकी मागे टाकून ती वर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आनंद होता. तिला काहीतरी सुचलं होतं.

काचेचं दार बंद होतं. पंखाही बंद होता, वरणभात गार होऊ नये म्हणून. पडदा सरळ लटकत होता, फक्त छताला लागून त्याच्यात एक फुगवटा होता. मी बघत असतानाच तो फुगवटा खाली यायला लागला. हळू, एकेक चुणी मोडत. लहान मूल आपल्याला काही दाखवतं तेव्हा आपण कंबरेत वाकून तोंड त्याच्या तोंडाजवळ नेतो ना, तसा.

मी त्याच्याकडे पूर्ण बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलले नसते. मी मिसूपुढे गुडघ्यावर पडले, तिचं बोट पकडलं आणि माझ्या छातीवर टेकवलं.

"ही. ही बघ, मिसू. मम्मी. ही दाखव. हिला दाखव."

"अगं, काय करतेस?" मोईन हसत उठून बसला. "स्वतःला दाखवू दे ना तिला!"

मिसू माझी मुलगी आहे, सांगितलेलं ऐकते. तिनं बोट माझ्या छातीवर तसंच ठेवलं. माझ्या खांद्यावरून वर बघितलं. माझ्या मानेला पडद्याचं कापड लागत होतं आणि ते गार होतं. तिनं वाट बघितली. मीही बघितली. आयुष्यात मी कशाचीच एवढ्या मनापासून वाट बघितली नव्हती. घे, म्हणत होते मी. घे ना.

मिसूनं मान हलवली. नाही.

मी जून होते.

मी तिचं बोट मुठीत घट्ट धरलं. मग दुसरा हातही त्यावर दाबला. मोईन म्हणाला, अगं दुखेल तिला, सोड. मिसू रडत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून वर बघत होती, आणि माझ्या दोन्ही हातांच्या आत ते बोट हळूहळू तिच्याकडे वळत होतं. दीड वर्षाच्या लेकराच्या बोटात एवढं बळ नसतं.